यशोदा पवारच्या शंका

“कोणाला काही शंका?” मी विचारलं आणि हातातला प्लॅस्टिकचा गुडघा कॅमेऱ्यासमोर धरून वाट बघत राहिले.

पडद्यावर काळे चौकोन होते आणि चौकोनांवर नावं. सानियाचा फोन. रेडमी. दत्तोबा मदने. चिनू तिसरी ब. एकाचाही कॅमेरा चालू नव्हता. कोणाच्या तरी घरी पंखा कुरकुरत होता. मी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

“मग सगळं समजलं असं धरू का?”

चिनू तिसरी ब निघून गेली. तिच्या मागोमाग आणखी दोन चौकोन गेले.

लॅपटॉप मिटून मी बाहेर आले तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“संपला वर्ग?”

“संपला.”

“मला वाटलं, अजून सुरू व्हायचाय. आतून काही ऐकूच आलं नाही.”

“हेडफोन लावलेले असतात, आई.”

“ते तुझ्या कानाला. तोंडाला काय लावलंयस? आपला फ्रिज तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.”

टाळेबंदी उठून काही महिने झाले होते, तरी म्हातारी माणसं दवाखान्यात यायला धजत नव्हती. कराडातल्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते, तिथे गुडघ्याची आणि खुब्याची झीज असलेल्यांसाठी ऑनलाइन वर्ग घ्यायचं ठरलं. दर गुरुवारी दुपारी चार वाजता. दुखणं म्हणजे नक्की काय, कोणते व्यायाम करायचे, दुखलं तर किती थांबायचं, काठी कशी धरायची, असं सगळं. माणसाला आपलं दुखणं आपणच सांभाळता आलं पाहिजे, हा उद्देश. तो मला मनापासून पटलेला होता, म्हणून मीच हे काम मागून घेतलं होतं.

फक्त मला बोलता येत नव्हतं. म्हणजे एका माणसाशी येत होतं. ओपीडीत पेशंटचा पाय माझ्या हातात असायचा. कुठे घट्ट आहे, कुठे दुखतंय, तो कुठे खोटं बोलतोय, हे हाताला कळायचं आणि मग तोंडाला शब्द सापडायचे. काळ्या चौकोनांना हात कुठे लावणार?

दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुख डॉ. कुरणे यांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, तुमची तयारी चांगली आहे. स्लाइडसुद्धा छान. पण लोक गळतायत.”

“पहिलीच बॅच आहे, सर.”

“म्हणूनच म्हणतो, ही बॅच पुरी करू. नाहीच जमलं तर तुमचे व्हिडिओ करून वेबसाइटवर टाकू. ज्याला बघायचं तो बघेल. वर्ग कशाला हवा?”

“व्हिडिओला शंका विचारता येत नाही.”

“आत्ता तरी कोण विचारतंय?”

व्हिडिओ बघून लोक व्यायाम कसा करतात ते मी ओपीडीत रोज बघत होते. चुकीचा पाय, चुकीचा कोन, आणि दोन दिवसांनी ‘व्यायामानं वाढलं’ म्हणून कायमचं बंद. शिवाय एकदा व्हिडिओ झाले की त्या कामाला माझी गरज उरणार नव्हती, हेही होतंच.

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा, हेमंत, “होईल गं सुरळीत,” म्हणाला आणि पोळीकडे वळला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “हसतं का कोणी वर्गात?”

“नाही.”

“रडतं?”

“नाही, आई.”

“मग तो वर्ग नाही. प्रतीक्षालय आहे.”

त्यांना बोलायचा अधिकार होता. मालन थोरवडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून तीस वर्षं तिसरी शिकवली होती. अर्धं गाव त्यांना ‘बाई’ म्हणायचं. भाजीवाला त्यांच्या पिशवीत चुकूनही किडकं वांगं टाकायचा नाही, कारण त्याचा सतराचा पाढा अजून कच्चा होता आणि ते त्यांना ठाऊक होतं.

आणि त्यांचे गुडघे दुखत होते. चार-पाच वर्षं तरी. उठताना दोन्ही हात टेबलावर दाबायच्या, “चला,” म्हणायच्या आणि मग उठायच्या. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, ‘चला’ आपल्याला उद्देशून आहे. ते गुडघ्यांना असायचं. मी व्यायाम सुचवले, चार्ट काढून फ्रिजवर लावला. त्या म्हणाल्या, “गुडघ्यांना मी सांगितलंय, माझ्याबरोबर तुम्हीही रिटायर व्हा. आता त्यांना पुन्हा कामाला लावलं तर बरं दिसत नाही.” पुढच्या आठवड्यात चार्टवर दूधवाल्याचा हिशेब होता.

पुढच्या गुरुवारी यादीत एक नवं नाव दिसलं. यशोदा पवार. काळा चौकोन, माइक बंद. वर्गाची लिंक एकाकडून दुसऱ्याकडे जायची, त्यामुळे नवं कोण आलं हे मी विचारत नसे. मी बोलायला सुरुवात केली, आणि मध्येच चॅटमध्ये ओळ उमटली.

‘मॅडम गुडघा झिजतो म्हणजे टायरसारखाच ना. मग जेवढं कमी चालू तेवढा जास्त टिकेल. तुम्ही उलटं का सांगता’

मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. प्रश्न अगदी बाळबोध होता आणि ओपीडीत येणारा प्रत्येक माणूस मनात हाच घेऊन येतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खाकरल्याचा आवाज आला.

“मॅडम, मी बोलू का? दत्तोबा मदने. टायरचं असेल तर मला विचारा, माझा जन्म एसटी चालवण्यात गेलाय.”

“बोला ना, काका.”

“टाळेबंदीत डेपोला गाड्या नुसत्या उभ्या होत्या. त्यांचे टायर बघा जाऊन. एक किलोमीटर पळाले नाहीत, तरी गेले. उभ्या उभ्या.”

“अगदी तसंच,” मी म्हणाले. “आपल्या सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दाब पडतो, सुटतो, तेव्हा आतलं पाणी बाहेर जातं, नवं आत येतं. तेच तिचं खाणं.”

“म्हणजे चाललो नाही तर गुडघा उपाशी?” हा आवाज रेडमीचा होता. रेडमी पुरुष आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

“हो. उपाशी.”

चॅटमध्ये ओळ आली. ‘मग माझा गुडघा गेली चार वर्षं एकादशी करतोय’

कोणीतरी हसलं. सानियाच्या फोनवरून एक जाड, मोकळा बायकी आवाज आला, “अन् माझ्या खुब्याचा रोजा चाललाय म्हणायचा!” या हसीना मुजावर. ब्लाउज शिवायच्या. सानिया त्यांची मुलगी.

त्या दिवशी वर्ग वेळेत संपला नाही.

यशोदा पवारच्या शंका थांबेनात. दुखत असताना व्यायाम करायचा की दुखायचं थांबल्यावर? थोडं दुखणं आणि जास्त दुखणं यातला फरक कसा ओळखायचा? माझी जाऊ म्हणते जिना चढूच नये, खरं का? प्रत्येक शंकेला आणखी कोणीतरी शेपूट जोडायचं. दत्तोबा स्वतःच्या अनुभवातून उत्तर द्यायचे, ते बहुधा चुकीचं असायचं, मग हसीनाभाभी त्यांना झापायच्या आणि माझ्याकडे निकाल मागायच्या. कोणी चौकोन सोडून जात नव्हतं. चिनू तिसरी ‘ब’सुद्धा परत आली. ती चिनूची आजी होती.

यशोदा पवार कोण, ते मला तिसऱ्या गुरुवारी समजलं.

त्यांचा माइक चुकून चालू राहिला होता. मी खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम समजावत होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आणि क्षणभरानं तीच शिट्टी माझ्या हेडफोनमध्ये झाली.

कराडात चार वाजता कितीतरी कुकर लागत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरी शिट्टी झाली. भिंतीपलीकडून आधी, हेडफोनमध्ये नंतर. दोन्हींतलं अंतर आधीइतकंच. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

“यशोदाताई,” मी म्हणाले, “खुर्ची आधी भिंतीला टेकवून घ्या. म्हणजे सरकणार नाही.”

भिंतीपलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग भिंतीला ती टेकल्याचा. माझ्या खांद्यामागचं कॅलेंडर हललं.

मी माझा माइक बंद केला, खाली वाकले आणि पोटात दुखेपर्यंत हसले. वर आले तेव्हा दत्तोबा विचारत होते, “मॅडम गेल्या का? लाइट गेली का मॅडमकडं?”

मी कोणालाच काही बोलले नाही. हेमंतलाही नाही. मला सगळं सरळ दिसत होतं. सुनेकडे पेशंट म्हणून येणं बाईंना जमणारं नव्हतं, गुडघे तर फार दुखत असणार, म्हणून त्यांनी मागचं दार शोधलं. असू दे. पेशंट कुठल्या दारानं आला याला महत्त्व नाही. यांना बरं वाटलं म्हणजे झालं.

त्यानंतर मात्र वर्ग माझ्यासाठी बदलला. काळ्या चौकोनांपैकी एकाच्या मागे मला माहीत असलेलं माणूस होतं. कुठल्या वाक्याला त्या भुवई उचलतील, कुठे ‘असं होय’ म्हणतील, मला ठाऊक होतं. मी त्यांच्याशी बोलायला लागले आणि आवाज आपोआप चढला. भिंतीपलीकडे जायचा होता ना.

“यशोदाताई, आज हात न टेकता खुर्चीतून उठायचं. तुम्ही हात टेकत नाही ना?”

‘अजिबात नाही’

आमचं जेवणाचं टेबल सागवानी आहे, पण एका पायानं कुरकुरतं. ते कुरकुरलं.

“टेबलालाही नाही?”

टेबल पुन्हा कुरकुरलं. मग ओळ आली. ‘इथे टेबलच नाही’

“मॅडम, तुम्ही यशोदाताईंच्या मागंच लागलाय,” दत्तोबा म्हणाले.

“त्या हुशार आहेत म्हणून, काका.”

‘धन्यवाद’ असं चॅटवर आलं.

घरात तर याहून मजा होती. खुर्ची हल्ली ओट्याशेजारी भिंतीला लावलेली असायची.

“आई, खुर्ची इथे कशाला?”

“भाजी निवडायला.”

“भाजी कुठाय?”

“निवडून झाली.”

एकदा हेमंत चहा घ्यायला आत गेला आणि दारातच थांबला. “आई, तू एका पायावर का उभी आहेस?”

“दुसरा दमला.”

“मग बस ना.”

“बसले की तुम्ही उठवता. जा, चहा गाळलाय.”

जेवताना मी अगदी साधेपणानं विचारलं, “आई, कुठे शिकायला वगैरे जाता का हल्ली?”

“या वयात मला कोण शिकवणार?”

“असतात काही जण. हळू आवाजाचे.”

“हळू बोलणाऱ्यांकडून मी काही शिकत नाही,” त्या आमटी वाढत म्हणाल्या. “ऐकूच येत नाही.”

शेवटचा गुरुवार जवळ आला, तसा डॉ. कुरणे यांचा निरोप आला. ते वर्गात बसणार होते. त्यानंतर पुढची बॅच ठेवायची की व्हिडिओ करायचे, ते ठरणार होतं.

“म्हणजे तपासणी,” सासूबाई म्हणाल्या.

“तसंच.”

“साहेब कुठे बसणार?”

“तेही एक काळा चौकोन असतील.”

“वाईट. साहेब डोळ्यांपुढे असला की त्याच्या कपाळावरून कळतं, कुठे गाडी अडलीय ते.” एवढं बोलून त्या पेपर वाचायला लागल्या. मला जरा धीर आला. यशोदा पवार असणार होती, आणि तिला तपासण्यांचा सराव होता.

गुरुवारी दुपारी मी लॅपटॉप लावत होते, तर त्या इस्त्रीची साडी नेसून, चपला घालून दारात उभ्या.

“मी जरा नदीच्या घाटाकडे जाऊन येते.”

“आत्ता?”

“मग काय रात्री जाऊ?”

“आज गुरुवार आहे, आई.”

“मला वार येतात गं.”

“नाही, म्हणजे... चार वाजत आलेत.”

“घड्याळही येतं. तिसरीच्या अभ्यासक्रमातच आहे ते.” त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि जिना उतरायला लागल्या. मी त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकत राहिले.

चार वाजले. चौकोन भरले. ‘डॉ. कुरणे’ असं लिहिलेला एक चौकोन आला, तोही काळाच. यशोदा पवार नव्हती. भिंतीपलीकडे काही हालचाल नव्हती.

विषय काठीचा होता. काठी कधी घ्यायची, उंची किती ठेवायची, हे मी सांगितलं. माझा आवाज पुन्हा फ्रिजच्या आवाजाच्या खाली चाललाय, हे मलाच ऐकू येत होतं. मग मी थांबले आणि विचारलं, “कोणी काही विचारणार?”

कोणी नाही. साहेब आलेत हे सगळ्यांना दिसत होतं. दत्तोबांसारखा माणूस गप्प होता. ती पहिल्या आठवड्याची शांतता होती, तशीच्या तशी. मी चॅटकडे बघितलं. तिथे कोण लिहिणार होतं?

“मॅडम,” हसीनाभाभींचा आवाज आला. “आज यशोदाताई नाहीत का?”

“नाहीत.”

“बरं नाही का त्यांना?”

“बऱ्या आहेत. बाहेर गेल्यात.” हे मला कसं माहीत, असं कोणी विचारलं नाही, नशीब.

“मग त्यांची शंका मी विचारते. त्या असत्या तर हेच विचारलं असतं त्यांनी. माझा उजवा खुबा दुखतो. तर काठी उजव्याच हातात धरायची ना?”

“उजव्याच,” दत्तोबांना राहवलं नाही. “यात विचारायचं काय? ज्या बाजूची भिंत कलली, त्या बाजूला टेकू.”

“तुम्हाला विचारलं का मी?”

“शंका सगळ्यांसाठी असते, भाभी.”

“मी पण उजव्याच हातात धरतो,” रेडमी म्हणाला. “पण दुखायचं राहत नाही.”

“तुमची काठी बुटकी असंल,” दत्तोबा म्हणाले.

“काठी नवीन आहे हो!”

“नवीन असली म्हणून काय उंच असती का?” ही चिनूची आजी.

सगळे एकदम बोलायला लागले. मी हात वर केला. “थांबा, थांबा. भाभी, घरात बादली आहे?”

“आहे की.”

“ती भरून डाव्या हातात घेतली आणि नुसत्या उजव्या पायावर उभं राहायचं म्हटलं, तर उजवा खुबा काय म्हणेल?”

“शिव्या देईल, मॅडम.”

“का? बादली तर डावीकडे आहे. कारण शरीर डावीकडे कलायला बघतं आणि ते कलू नये म्हणून उजव्या खुब्याचे स्नायू ओढून धरतात. ती ओढच सांध्याला दाबते. आता बादली खाली ठेवा. रोज चालताना उजवा पाय टेकतो तेव्हा आपलं अर्धं शरीर हीच ती डावीकडची बादली असते. तिला खालून कोणी उचलून धरलं तर?”

कुठल्याशा चौकोनात बादलीची कडी वाजली.

“म्हणजे काठी डावीकडं?” दत्तोबांच्या आवाजात संशय होता.

“दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आणि काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे.”

“हे काही मला पटत नाही बघा.”

“तुम्हाला पटायची वाट बघत बसले तर माझा खुबा जायचा,” हसीनाभाभी म्हणाल्या. “सानिया, हा फोन धर गं. नीट धर. चालू कर ते.”

आणि सानियाचा फोन उजळला. काळ्या चौकोनात एक खोली आली, शिलाई मशीन आलं, आणि गळ्यात मोजायची टेप अडकवलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या हसीनाभाभी आल्या. इतके दिवस ऐकलेला आवाज मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, जरा चाचपडल्या, आणि चालायला लागल्या. चौकटीतून बाहेर गेल्या. नुसता काठीचा आवाज येत राहिला, लांब गेला, वळला, परत आला.

“ओ मॅडम!” त्या दिसायच्या आधीच आवाज आला. “डुलत नाही मी! बघा, कंबर डुलत नाही!”

“परत एकदा चाला, भाभी,” रेडमी म्हणाला. “नीट दिसलं नाही.” आणि त्याचाही कॅमेरा चालू झाला. टक्कल पडलेला, बनियनवरचा एक गृहस्थ काठी शोधत होता. चिनूची आजी आली. दत्तोबा सगळ्यात शेवटी आले, मोठ्या मिशा घेऊन, हातात काठी नव्हती म्हणून छत्री घेऊन.

तेवढ्यात डॉ. कुरणेही दिसायला लागले. ते स्वतःच्या खोलीत उभे होते. “मी ओपीडीत प्रत्येकाला हे सांगतो,” ते म्हणाले. “मान डोलावतात आणि दारापर्यंत जाताना काठी परत त्याच हातात.”

“साहेब,” दत्तोबा छत्री डाव्या हातात घेत म्हणाले, “तुम्ही नुसतं सांगता. इथं भांडायला मिळतं.”

डॉक्टर हसले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. पुढची बॅच महिन्याच्या एक तारखेपासून, आणि नावं जास्त आली तर दोन करा, म्हणाले.

सासूबाई परत आल्या तेव्हा मी दार उघडून उभीच होते.

“या, यशोदाताई.”

त्यांनी चपला काढल्या, कडेला नीट लावल्या. “कधी कळलं?”

“तिसऱ्या गुरुवारी. कुकरच्या शिट्टीवरून.”

“तरीच. म्हटलं, हिला एकदम एवढा कंठ कसा फुटला.”

“आज का नाही बसलात? माझी काय अवस्था झाली माहितीय?”

“साहेब येणार त्या दिवशी आपण पढवून बसवलेलं पोर विचारायला लागलं की साहेबाला लगेच कळतं. माझा जन्म गेला त्यात. आणि आज ती नको होती. तुझी मंडळी तयार झाली होती.” त्या सोफ्यावर बसल्या. “विचारलं ना कोणीतरी?”

“विचारलं. भाभींनी.”

“बघ.”

मी त्यांना पाणी दिलं. “पण आई, एवढं लपूनछपून कशाला? मला नुसतं म्हणायचं, गुडघे दाखवते. मी काय हसले असते?”

“गुडघे?” त्यांनी पेला खाली केला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “मी गुडघ्यांसाठी बसत होते, असं वाटलं तुला?”

“मग?”

“अगं, नव्या वर्गात पहिला महिना एक पोरगं बोलत नाही. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना येतंय, आपल्यालाच येत नाही. अशा वेळी एक असं लागतं, जे येडंवाकडं विचारतं आणि त्याला कोणी हसत नाही. मग बाकीची सुटतात. माझ्या पहिल्या वर्गात यशोदा पवार होती. तिला काहीही कळायचं नाही आणि ती ते उभं राहून सांगायची. तिच्या जिवावर मी मास्तरकी शिकले. तुझ्या वर्गात यशोदा नव्हती, एवढंच.”

“म्हणजे त्या सगळ्या शंका...”

“तुझी उत्तरं मला पाठ होती. महिनाभर आरशासमोर घोकत होतीस. जे तुला चांगलं येत होतं, तेच विचारलं मी.”

मी त्यांच्याशेजारी बसले. इतके आठवडे मी कोणाला काय शिकवत होते, हे मनात नव्यानं मांडायला मला थोडा वेळ लागला.

“आणि व्यायाम? ते तर करत होतात तुम्ही. मी ऐकलंय.”

“न करता विचारलं की आपण पकडले जातो.” त्यांनी पाणी संपवलं. “पण घाटापर्यंत जाऊन आले आज. मध्ये कुठे बसले नाही.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “त्या पुढच्या बॅचला माझं नाव घाल.”

“यशोदा पवार?”

“मालन थोरवडे.”

एक तारखेला नवे काळे चौकोन आले. मी ओळखीपासून सुरुवात केली. प्रत्येकानं नाव सांगायचं आणि काय दुखतं ते. दोघं-तिघं पुटपुटले. मग स्वयंपाकघराचा चौकोन उजळला. त्यांनी पदर खांद्यावर घेतला होता आणि त्या सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या.

“मालन थोरवडे. दोन्ही गुडघे. उजवा जास्त. रात्री कूस बदलताना जाग येते.”

हे शेवटचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. एकाच घरात राहून.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “एक विचारायचं होतं. खरं सांगा. हे कधी पूर्ण बरं होतं का?”

यशोदा पवारनं हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

मी प्लॅस्टिकचा गुडघा बाजूला ठेवला. त्या वाट बघत होत्या, आणि त्यांच्यापुढे खोटं उत्तर कधीच चाललं नसतं.

“नाही,” मी म्हणाले. “पूर्ण बरं होत नाही. झिजलंय ते परत येत नाही. पण दुखणं कमी होतं, पायात जोर येतो. पुष्कळांचं ऑपरेशन लांबतं, काहींना लागतही नाही. झोपही सुधारते. एवढं मी नक्की सांगू शकते.”

त्यांनी मान हलवली, सावकाश. तिसरीतल्या एखाद्या मुलानं अवघड गणित बरोबर सोडवलं की हलवत असतील तशी.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग सुरू करा.”

मग त्यांनी फोन टेबलावरून उचलून खाली स्टुलावर टेकवला, खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही गुडघे चौकटीत दिसतील अशा बसल्या.